साखळीसकट ट्रायपॉड

“तुझ्या प्लेटनं घात केला,” गोरे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

कॅमेरा स्लॅबवर आडवा पडला होता, लेन्स कडेच्या बाहेर. कॅमेरामन तन्मयने झडप घालून हँडल धरलं म्हणून तो वाचला. ऊन अडवायला लेन्सच्या तोंडाशी लावलेली धातूची पेटी मात्र निसटली आणि पुलाखाली सळया बांधत बसलेल्या गयाबाईंच्या शेजारी आदळली. हातभर अंतरावर.

अंबड-तीर्थपुरी रस्त्यावर एका पुलाचं काम चालू होतं. मी तिथला सर्व्हे इंजिनियर, गोरे साहेब प्रोजेक्ट मॅनेजर. क्रेनने गर्डर, म्हणजे पुलाची लांब तुळई, चढवतानाची फिल्म कंपनीला हवी होती. त्यासाठी पुण्याहून टीम आली. प्रवासात त्यांच्या स्टँडचा पाय मोडला. गर्डर दुसऱ्या दिवशी सकाळीच चढणार होता. साहेबांनी मला फोन केला, “त्यांचा कॅमेरा आपल्या ट्रायपॉडवर बसव. जल्दी.”

आमचा ट्रायपॉड दणकट असतो, पण तो जमीन मोजायच्या यंत्रासाठी. त्याचा वरचा स्क्रू पाच सुताचा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कॅमेरा ज्यावर फिरतो त्या हेडला लागतो तीन सुताचा. मी जालन्याला एमआयडीसीत जाऊन लेथवर जाड पोलादी प्लेट करून घेतली. खालून पाच सुताचे आटे, वर तीन सुताचा बोल्ट. कॅमेरा घट्ट बसला.

एवढ्याने काम होत नाही. आमचं यंत्र हलकं असतं आणि त्याचं वजन बरोबर मध्यावर राहतं. हा कॅमेरा लांब लेन्सचा, जड. खाली झुकवला की सगळं वजन एका बाजूला जातं. शिवाय ट्रायपॉडचे पाय टोकदार. शेतात पावलाने दाबून ते मातीत रोवतात. काँक्रीटवर कुठे रोवणार? ते सरकतात. म्हणून मी तिन्ही पायांभोवती साखळी ताणून बांधली आणि सांगितलं, ही काढायची नाही.

तन्मय हसला. “बैल बांधल्यासारखं दिसतंय, सर.” त्यांचा दुसरा छोटा कॅमेरा शूटिंगचंच शूटिंग करत होता, त्यात साखळी दिसत होती. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, काढून टाका. मी नको म्हणालो. तेवढ्यात साहेबांनी मला टीमच्या बाकी लोकांना खालचा रस्ता दाखवायला पिटाळलं. मी परत आलो तेव्हा रिहर्सल झाली होती, साखळी बाजूला पडली होती आणि कॅमेरा आडवा होता.

वर माझ्या प्लेटनं घात केला म्हणे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तरी तोंड उघडेना. वडील अंकुशनगरला ऊस तोडायचे. घरात पहिला ग्रॅज्युएट मी. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून इंटरव्ह्यूत मला बाहेरच्या बाहेर काढत होते, तेव्हा साहेबांनी नोकरी दिली. त्यांचं नाव निघालं की वडील अजून हात जोडतात.

गयाबाई जिना चढून वर आल्या. हातात ती पेटी. कोपरा चेपलेला. त्यांनी ती माझ्यापुढे धरली.

“हे तुमचंय का, इंजिनियर साहेब?”

पेटी माझी नव्हती, तरी मी हो म्हणालो.

“मंग उद्या बी आमी थितंच बसायचं का?”

मी कॅमेरा उतरवून ट्रायपॉड कडेपासून लांब, स्लॅबच्या मध्यावर नेला. प्लेट त्याला जशीच्या तशी पक्की होती, एक आटाही सुटला नव्हता. साखळी बांधली आणि प्लेटच्या एका बाजूला सिमेंटची भरलेली गोणी लटकवली. ट्रायपॉड जागचा हलला नाही. गोणी उतरवली, साखळी काढली, गोणी पुन्हा लटकवली. एक पाय खरखरत बाहेर गेला. गोणी धाडकन खाली, वर ट्रायपॉड.

साहेब म्हणाले, “मंग साखळी राहते का न्हाई, हे पाह्यची जिम्मेदारी तुझीच व्हती ना?”

“मी बांधली व्हती, साहेब. तुमी काढाय लावली.” मी खाली पडलेली साखळी उचलली. “उद्या साखळी राहील आन् बाया दुसऱ्या गाळ्यात, पल्याडच्या दोन खांबांमधी बसतील. न्हाईतर ट्रायपॉड न्हाई.”

“कुनाशी बोलून राह्यलास?”

मी ट्रायपॉडचे पाय मिटले, खांद्यावर टाकला आणि जिन्याकडे निघालो. नोकरी गेली असं धरूनच चाललो होतो. वडिलांना काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं. मागून तन्मयने हाक मारली. त्याला सकाळी शूट करायचंच होतं आणि दुसरा स्टँड नव्हता. “राहू दे साखळी,” तो साहेबांना म्हणाला. साहेब माझ्याकडे न बघता गाडीत बसले.

सकाळी बायका पलीकडच्या गाळ्यात होत्या. गर्डर चढला, कॅमेरा जागचा हलला नाही.

नोकरी राहिली, पण साहेब अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. फिल्म ऑफिसात सगळ्यांना दाखवली. सुरुवातीलाच साहेब हेल्मेट घालून सांगतात, सेफ्टी आमच्यासाठी सगळ्यात आधी. पुढे क्षणभर आमचा ट्रायपॉड दिसतो, साखळीसकट. ती साखळी कुणाच्या लक्षातही आली नाही.

आता कुणी ट्रायपॉड मागायला आलं, तर मी आधी त्याच्या हातात साखळी देतो. ती त्याने बांधली की मग प्लेट.