अन्सार मिस्त्रीच्या साठ फळ्या

अन्सार मिस्त्री हे माझे सख्खे मामू, आणि वाशीममध्ये त्यांच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. तसा साप निघाला तर काठीवर उचलून ते खुशाल नाल्यात नेऊन टाकत. विहिरीत उतरून रहाट दुरुस्त करत. पण शिक्क्याचा कागद समोर आला की त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं. त्यांना आकडे वाचता येत, अक्षर येत नसे. आपण ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिलंय हे साऱ्या जगाला कळतं आणि आपल्यालाच नाही, या विचारानं ते अर्धे व्हायचे. सकीनामामी तर चारचौघांत म्हणायची, "डाकवाला आला का हे घुसले पलंगाखाली." मामू हसत, पण ओशाळून.

हे सगळं १९३४ सालचं. मी तेव्हा अमरावतीला नोकरीला होतो, म्हणून पुढची हकीकत मला रामधन गाडीवानानं सांगितली. तो जवळच्या तांड्यावरचा, मामूंचा जुना दोस्त.

हिंगोलीच्या एका वकिलांना माडीवर लाकडी जमीन करून हवी होती. तसलं काम आमच्या भागात कोणी पाहिलंही नव्हतं. मामूंनी पाहिलं होतं, कारण तरुणपणी त्यांनी मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यावर काम केलं होतं. वाशीमच्या वखारीतून वकिलांनी ब्रह्मदेशचा साग घेऊन दिला आणि मामू दोन महिने ओट्यावर रंधा मारत बसले. साठ फळ्या. प्रत्येकीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. पहिलीची जीभ दुसरीच्या खाचेत बसवायची, दुसरीची तिसरीच्या. वरून खिळा दिसायचा नाही. कुठली फळी कुणाशेजारी, ते कळावं म्हणून त्यांनी मागच्या बाजूला पटाशीनं आकडे कोरले.

दुसरा मिस्त्री असता तर त्यानं कोऱ्या फळ्या हिंगोलीला नेऊन तिथंच खाचा पाडल्या असत्या. पण परक्याच्या दारात बसून रंधा मारणं मामूंना जमत नसे. काम आपल्या ओट्यावर, नेऊन फक्त बसवायचं, हा त्यांचा हट्ट. आणि मालमोटारीवरचे हमाल फळ्या आदळतील, जिभा मोडतील, म्हणून माल बैलगाडीनं.

हिंगोली मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. वाशीमहून तिकडं निघालं की वऱ्हाडची हद्द संपताच जकातीचा नाका लागायचा. मालाचा कागद तिथं दाखवावा लागे. मामूंनी तो वाशीमच्या अर्जनविसाकडून लिहून घेतला: सागाच्या फळ्या, नग साठ, साधं लाकूड. खाली मामूंचा अंगठा.

नाक्यावरचा कारकून तरुण होता, उद्धटही नव्हता. त्यानं एक फळी ओढली, खाचेतून बोट फिरवलं, फळी उलटून आकडा पाहिला. मग दुसरी, तिसरी. "मिस्त्री, ही तर तयार जमीन आहे. नंबरसुद्धा घातलेत. कागदावर साधं लाकूड कसं?"

साध्या लाकडाला जकात कमी, तयार सामानाला जास्त, असं त्यानं समजावलं. जास्तीची जकात वकीलसाहेबांनी भरली असती, त्याची मामूंना फिकीर नव्हती. पण कागद खोटा ठरला तर, कारकून म्हणाला, माल जप्त आणि अंगठा देणारा अटकेत. काय ते दुपारनंतर नाक्याचे दारोगासाहेब येऊन ठरवतील. एवढं बोलून कागद घेऊन तो आत गेला.

मामू गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. रामधन म्हणतो, त्यांचे दात वाजत होते, आणि दिवस तर चैताचे. मोगलाईच्या तुरुंगातून आपण परत येत नाही, सकीनाला कोणी कळवणारही नाही, असं काहीबाही ते पुटपुटत होते. तासाभरानं एकदम उठले आणि त्यांनी हत्यारांची पेटी उघडली.

"काय करून राह्यले, मिस्त्री?"

"जीभच काढतो. जीभ नाही तं जमीन नाही. मंग कागद खरा."

"अबे, याड लागलं का तुमाले? दोन महिने घातले याच्यात! साहेबाले येऊ तं द्या."

"तुले काय जाते? आंगठा माहा हाय!"

रामधननं हात धरला, तर या गरीब माणसानं त्याला ढकलून दिलं. दोन दगडांवर फळी आडवी टाकून त्यांनी रंधा चालवला. केसाएवढीही फट न ठेवता बसणारी जीभ सालपटं होऊन खाली पडू लागली. मग फळी उलटून आकडा घासायचा. लगेच दुसरी. उन्हात, डोक्यावर टोपी नाही, रस्त्यावर घोड्याची टाप वाजली की अंग चोरायचे आणि पुन्हा जोरात रंधा. रामधन सांगताना रडायचा, आणि ऐकताना मला मामूंचा राग यायचा, अजून येतो.

दारोगासाहेब आले तेव्हा सदतीस फळ्या झाल्या होत्या. सालपटांचा ढीग पाहून त्यांनी विचारलं, हे काय चाललंय? मामू रंधा घेऊन गाडीआड सरकले. रामधननंच खरं ते सांगितलं. साहेबांनी एक धड फळी हातात घेतली, आतून जाडं पुस्तक मागवलं, पान काढलं आणि सावकाश वाचून दाखवलं. फळ्या एकमेकींत बसवून तक्ता जोडलेला असेल तर तयार सामान. सुटी फळी, मग तिला खाच असो, जीभ असो, नंबर असो, लाकूडच. कागद पहिल्यापासून खरा होता. एवढी घाई कशाला केली, मिस्त्री, असंही ते हळहळून म्हणाले.

मामूंनी तीनदा वाकून सलाम केला. त्यांना आनंद झाला होता हो! सुटलो, सुटलो, म्हणत ते फळ्या गाडीत भरू लागले.

हिंगोलीत माडीवर फळ्या मांडल्या तेव्हा व्हायचं तेच झालं. आकडे गेलेले, कुठली कुणाशेजारी कळेना. तेवीस फळ्या गच्च बसल्या आणि बाकीच्यांच्या फटींतून खालची ओसरी दिसू लागली. वकीलसाहेबांनी जिभेच्या जागी ताजा रंधा फिरलेला ओळखला. "नाक्यावर कुणी हे करायला लावलं? नाव सांगा. मी आत्ता अर्ज लिहितो."

अर्ज म्हणताच मामूंनी रामधनचं मनगट घट्ट दाबलं. "कोनी नाही, साहेब. कामच चुकलं माहं. माह्या हातानं बिघडल्या."

वकिलांनी लांबून दुसरा मिस्त्री बोलावला. तसलं काम मामूंकडे पुन्हा कधी आलं नाही. दारं, खाटा, औतं करत त्यांनी जन्म काढला. पुढं एकदा मी चिडून त्यांना विचारलं, "मामू, दारोग्यानं कागद खरा म्हटला होता. मग वकिलापुढं तरी भ्यायचं काय कारण होतं?"

मामूंनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तोंडानं म्हटलं त्यानं. कागद तं तिकडंच राह्यला ना, बापा. माहा आंगठा अजून त्याच्यावर हाय."