देश, मुलूख आणि माहेर

लग्न होऊन मी पारोळ्याकडच्या कपाशीतून रावेरकडच्या केळीत आले, तेव्हा ऐंशीचं दशक सरत होतं. पहिलीच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली आणि माझा पाय घरात ठरेना. आखाजीला लेकीनं माहेरी जायचं, झोके खेळायचे, गौराईची गाणी म्हणायची. पण न्यायला मुराळी हवा, म्हणजे भाऊ. तो काही येईना.

"येऊ दे मुराळी, मंग जाजो," सासूबाई शांतपणे म्हणायच्या. त्या शांतपणाचाच मला राग यायचा.

शेजारची गुजराती वहिनी दिवाळीच्या गोष्टी वैशाखातच करायची, "अमे देशमां जवाना." तिचा देश म्हणजे काठेवाडातलं चार उंबऱ्यांचं गाव. केळीचा ट्रक भरून उत्तरेकडे निघणारा ड्रायव्हर म्हणायचा, "अब सीधा अपने मुलुक." आमच्या घरचे पुरुष 'आपलं गाव' म्हणायचे, आणि त्यातून कधी हललेच नव्हते. सगळ्यांचा हेवा वाटायचा मला. मनात आलं की ते निघत, नाहीतर आपल्या गावातच असत. माझं माहेर तेवढं दुसऱ्याच्या पायानं गाठायचं.

आखाजीच्या आदल्या दिवशी सासूबाई मळ्यात गेल्या. मी वहिनीकडे निरोप ठेवला, पिशवी उचलली आणि सरळ एसटीत बसले.

दुपारी दारात उभी राहिले तेव्हा आई सांजोऱ्या तळत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला, मग मला आणणाऱ्याला शोधत तिनं माझ्या मागे पाहिलं. "कोन लई उनं तुले?"

"एकलीच उनू."

"मुराळी बिगर? लोके काय म्हनतीन! जाय, मारुतीना पारवर बैस. धाडस मी भाऊले, तुले लेवाले."

भाऊ आत तापानं फणफणला होता, म्हणून आला नव्हता.

माझं डोकं फिरलं. पोटात भूक, डोक्यावर ऊन, समोर आमचं घर दिसतंय, आणि मी पारावर वाटसरूसारखी! उठून परत जावंसं वाटलं. पण परत म्हणजे तरी कुठे?

तेवढ्यात भाऊ दिसला. भर उन्हात घोंगडी पांघरून, भिंतींना धरत येत होता. त्यानं पिशवी घेतली तेव्हा त्याच्या हाताचा चटका बसला.

"चाल बहीन, आखाजीले लेवाले उनू तुले."

घरापर्यंत जेमतेम एक गल्ली. मी रडत, भांडत त्याच्या मागून चालले. पिशवी काही त्यानं मला घेऊ दिली नाही.