अकरावा रकाना

सिंधूताईंनी दहा-दहा दिवसांची चौदा शिबिरं केली आणि त्यांच्या नवऱ्यानं, गुलाबरावांनी, अडीच दिवस. तरी ध्यानाच्या शिक्षिका व्हायला ताई अपात्र ठरल्या त्या गुलाबरावांमुळे. हे आठवलं की आजही माझं डोकं तडकतं. तुम्ही म्हणाल, ध्यानाची गोष्ट सांगते आणि एवढा संताप? तर ध्यान ताई करतात, मी नाही. माझं डोणगावात स्टँडसमोर ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे फॉर्म भरून कोणाचं डोकं थंड राहिलंय?

ताईंचं माहेर सुलतानपूर, सासर डोणगाव. अंगणवाडीत मदतनीस. तरुणपणी त्यांच्या रागाला अख्खी बौद्धवस्ती टरकून होती. एकदा गुलाबराव भाजीला नावं ठेवून ताटावरून उठले, तर ताईंनी तापलेला तवा भिरकावला. नेम चुकला म्हणून गुलाबराव आज आहेत. रांजण फुटला. त्याच पावसाळ्यात एक भन्तेजी तीन महिने आमच्या विहारात मुक्कामाला होते. ताई त्यांच्यापुढे जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भन्तेजी, एखांद्या दिवशी माया हातून मानूस मरन." भन्तेजींनी सांगितलं, रोज तासभर बसा आणि श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघा. त्याला आता एकवीस वर्षं झाली. घरात लग्न असो की मयत, ताईंचा सकाळचा तास चुकला नाही.

निंदणाला जाणाऱ्या बायांना बाजाराच्या दिवशी शेतात काम नसतं. त्या दिवशी दुपारी ताईंनी त्यांना विहारात बसवायला सुरुवात केली. आधी चार होत्या, मग चाळीस झाल्या. कोणी लेकरू गमावलेली, कोणी घरी मार खाणारी, कोणी नुसतीच दमलेली. तासभर कोणी "पानी आन" म्हणत नाही, हेच त्यांना मोठं होतं. ताई भाषण करत नसत. "श्वास येऊन राह्यला, पाह्य. जाऊन राह्यला, पाह्य. मन पयालं? पयू दे, वापस आन." एवढंच. अकरा वर्षं हे चाललं, आणि ताईंकडे अधिकार आहे का, हे कोणी विचारलं नाही.

मग अर्जुनराव निवृत्त झाले. ग्रामसेवक होते. घरी बसून करमेना, तेव्हा त्यांनी दोन वर्षांत पाच शिबिरं उरकली, ती भरवणाऱ्या ध्यान केंद्राकडे अर्ज केला आणि शिक्षक होऊन आले. पाठोपाठ केंद्राचं पत्र आलं, की गावातली सामूहिक बैठक यापुढे अधिकृत शिक्षकच घेईल. केंद्राचं नाव मी इथं लिहिणार नाही. तिथं चांगली माणसंही आहेत. पण अर्जुनराव म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. पहिल्याच बैठकीत त्यांनी पाऊण तास भाषण ठोकलं, उरलेला पाव तास स्वतःच घोरले आणि जाताना ताईंना म्हणाले, "सिंधू, तू सतरंजी टाकत जाय. तेवढी सेवा घडन तुया हातून."

ताईंनी सतरंजी टाकली. चार आठवडे टाकली. पाचव्या आठवड्याला चाळीसच्या सात बाया उरल्या, आणि ताई माझ्या दुकानात आल्या. "मयुरी, माया अर्ज भर. अशानं बैठक बंद पडन."

अर्जातले दहा रकाने मी आनंदानं भरले. किती वर्षं साधना, किती शिबिरं, पाच शील पाळता का, सगळं. अकराव्यापाशी आम्ही दोघी अडलो. "पती/पत्नीने पूर्ण केलेली शिबिरे (किमान एक आवश्यक)." खाली संमतीची सही. घरातली दोन्ही माणसं एका वाटेवर असावीत, असं त्यामागचं कारण म्हणे.

गुलाबराव सहीला एका पायावर तयार. "एक काय, दोन करतो!" पण शिबिर म्हटल्यावर तोंड उतरलं. दहा दिवस बोलायचं नाही, मोबाईल नाही, तंबाखू नाही. तरी बायकोसाठी गेले, हे त्यांच्या खात्यात लिहायला हवं. तिसऱ्या दिवशी दुपारी केंद्राच्या तारेच्या कुंपणात त्यांचा पायजमा फाटला आणि संध्याकाळी ते डोणगावच्या पानटपरीवर उभे होते. विचारलं तर म्हणे, "जेवन बराबर नाई तिथलं." नाचता येईना अंगण वाकडं!

केंद्रानं अर्ज परत पाठवला. अकराव्या रकान्याभोवती लाल गोल.

मला ते बघवेना. मी ताईंना म्हटलं, "ताई, मी लिहून देते ना गुलाबभाऊजीचं एक शिबिर. लांबच्या एखांद्या केंद्रावरचं लिहू. कोनी पाह्यत नाई."

"तुले कसं मालूम कोनी पाह्यत नाई?"

प्रश्न साधाच होता. मी सरळ उत्तर देऊन बसले. अर्जुनरावांचा अर्जही मीच भरला होता. अकराव्या रकान्यात त्यांनी सांगितलं, "तीन लिही." मी विचारलं, अंबूबाईंनी कधी केली? अंबूबाई म्हणजे त्यांची बायको, वाचता येत नाही, गावाबाहेर कधी एकटी गेली नाही. अर्जुनराव म्हणाले, "लिही ना तू, माया टाईम नको खाऊ." मी लिहिलं. अंबूबाई बाहेर मिरच्यांची पिशवी घेऊन उभी होती. त्यांनी तिला आत बोलावलं. तिनं विचारलं, "कायचं व्हय?" ते म्हणाले, "राशनकार्डाचं." ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि तिचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर टेकवला. दुकानात गर्दी होती. तेवढंच कारण.

ताई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि मला तो तवा आठवला.

"तू तिचा अंगठा धरला?"

"ताई, पन आता तुमच्या कामात येते ना हे. आपन केंद्राले सांगू..."

"माया कामात? त्या बाईले दोघानं मिळून ठगवलं, अन् ते माया कामात?"

त्या गेल्या. पंधरा दिवस दुकानाकडे फिरकल्या नाहीत. रस्त्यात दिसल्या तर मान फिरवत. लोक म्हणतात ध्यानानं माणूस थंड होतो. मला विचारा किती थंड होतो ते.

सोळाव्या दिवशी आल्या त्या थेट बोलल्या. रिकाम्या रकान्यासह अर्ज पुन्हा पाठवायचा, केंद्रानं मुलाखतीला बोलावलं तर मी सोबत यायचं. "मी अंबूबाईचं काई सांगनार नाई. ते तुयं हाये. तू सांगजो."

बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या पद्मजा मॅडम, बुलढाण्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका, केंद्रातल्या ज्येष्ठ शिक्षिका. स्थानिक शिक्षकाची शिफारस लागते म्हणून शेजारच्या खुर्चीवर अर्जुनराव, पांढरेशुभ्र कपडे घालून, डोळे अर्धे मिटून. मला तिथंच काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. कोपऱ्यातल्या बाकावर मला बसू दिलं.

मॅडमनी साधनेबद्दल बरंच विचारलं. ताई थोडक्यात उत्तरं देत होत्या. मग मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला राग येतो का?"

मी बसमध्ये दहा वेळा पढवलं होतं, की याला "नाई" म्हणा.

"येते," ताई म्हणाल्या. "मले इथं येते." छातीच्या खाली हात ठेवला. "पह्यले आठ-आठ दिवस राहे. आता एक भाकर थापून होते तोवर जाते. पन मोठा असला तं पंधरा दिवसबी राह्यते. मागच्या महिन्यातच राह्यला."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आणि आत्ता?"

"आताबी येऊन राह्यला. तुमच्या अकराव्या रकान्याचा. एकवीस वर्सं मी बसली. मांड्या माया नवऱ्याच्या दुखल्या, पयाला तो, अन् नापास मी? काऊन?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, सिंधूताई," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अर्जुनरावांच्या पत्नींनीही तीन शिबिरं केली आहेत."

ताईंनी वळून फक्त माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि सगळं सांगितलं: तीनचा आकडा, मिरच्यांची पिशवी, राशनकार्ड, अंगठा. तो मी धरला, हेही.

अर्जुनरावांचे डोळे पूर्ण उघडले. "हे पोरगी खोटं बोलून राह्यली!"

"मंग अंबूबाईले फोन लावा," मी म्हटलं. "इचारा तिले शिबिरात कोनत्या खोलीत होती."

"बाईमानसाले काय इचारता यातलं! अंगठा तं तिचाच हाये ना? संमती झाली ना मंग?"

हे त्यांनी पद्मजा मॅडमच्या तोंडावर म्हटलं. मॅडमचे कान लाल झाले. त्या म्हणाल्या, निर्णय कळवू, आणि फाइल बंद केली. खरं लिहिणारीचा अर्ज परत आणि खोटं लिहिणारा खुर्चीवर. चोर सोडून संन्याशाला फाशी, तेही ध्यान केंद्रात. मी बाहेर येऊन मोठ्यानं शिवी दिली. तिथं मौनाची पाटी होती.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, ताई आता तरी शाबास म्हणतील. मेहकर मागे पडलं. मग म्हणाल्या, "अंबूबाईले सांगितलं?"

"नाई."

"मंग काय सांगितलं तू?"

दुसऱ्या दिवशी गेले. अर्जुनराव घरी नव्हते. अंबूबाई ओट्यावर तूर पाखडत होती. मी सांगत गेले, ती पाखडत गेली. शेवटी सूप खाली ठेवून म्हणाली, "तीन शिबिरं म्हंजे किती दिवस व्हयते?"

"तीस."

"तीस दिवस मी घराच्या भायेर होती म्हन. अन् मलेच मालूम नाई." परत सूप उचलत म्हणाली, "चाळीस वर्सात मी दोन दिवस सलग मायेरी नाई राह्यली, बाई."

तिनं मला चहा दिला नाही. बरोबरच केलं.

चार महिन्यांनी केंद्राचं पत्र आलं. अर्जुनरावांचा अधिकार काढून घेतला होता. जोडीदारानं शिबिर करण्याची अट सगळ्यांसाठीच रद्द. संमती मात्र जोडीदाराशी समोरासमोर बोलून घ्यायची. ताईंना महिनाभराच्या प्रशिक्षणाला बोलावलं, मग ज्येष्ठ शिक्षकांच्या देखत एक शिबिर चालवायला लावलं, आणि यंदा वैशाखात त्या रीतसर शिक्षिका झाल्या. मला आनंद झाला, पण राग गेला नाही. अकरा वर्षं ती बाई शिक्षिकाच होती. कागदाला ते कळायला एवढा तमाशा का लागावा?

पहिल्या बैठकीला विहार भरला. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली ताईंसाठी पाट ठेवला होता. सतरंजी त्यांनीच टाकली, सवयीनं, आणि मग पाटावर बसल्या. गुलाबराव सगळ्यांत मागे, दारात. वीस मिनिटं टिकले. मग बाहेर चपलांजवळ बसून राहिले, पण घरी गेले नाहीत. पुढच्या रांगेत अंबूबाई होती. एकटी आली होती.

"श्वास येऊन राह्यला, पाह्य," ताई म्हणाल्या.

दोन दिवसांनी अंबूबाई दुकानात आली. तिला दहा दिवसांच्या शिबिराला जायचं होतं, खरोखरच्या. घरी सांगून आली होती, विचारून नाही. मी धावतपळत फॉर्म भरला, छापला, तिच्यापुढे ठेवला. शाईचं पॅड उघडलं आणि सवयीनं तिच्या हाताकडे हात नेला.

तिनं हात मागे घेतला. अंगठा मुठीत घातला आणि मूठ पदराखाली.

"पह्यले वाचून दाखव."

"अंबूबाई, मी बराबर भरला..."

"सबन वाच."

माझ्या मागे सहा जण रांगेत होते, कोणी पीकविम्याचं, कोणी जातीच्या दाखल्याचं. एकजण ओरडला, "मयुरी, आटप ना वं!" मी त्याला गप्प बसायला सांगितलं आणि नावापासून वाचायला सुरुवात केली.