वहिनींच्या डोक्यातले राखणदार

मोठ्या भावाचा फोन आला तेव्हा मी सौंसरला घरी दाढी करत होतो. "शोभा गेली रे," एवढंच तो म्हणाला. चहाचा कप हातात असतानाच वहिनींचं हृदय थांबलं होतं. पांढुर्ण्याला पोचलो तोवर अंगणात माणसं जमली होती आणि जो तो एकच शब्द बोलत होता... सुटली. गेल्या काही आठवड्यांत हा शब्द मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकला की आता उत्तर देणं भाग आहे. शोभावहिनी सुटल्या नाहीत. त्यांना सुटायचंच नव्हतं. घरच्या बगीच्यातल्या संत्र्यांचा, आंबिया बहाराच्या फळांचा, सौदा तोंडावर आला होता आणि व्यापाऱ्याला कुठवर ताणायचं ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

लोक हिशोबातही चुकतात. "दहा वर्षं अंथरुणाला खिळली होती," असं परवा एकानं मलाच सांगितलं. दहा नव्हे, सात. आणि अंथरुणाला फक्त पहिले काही महिने. सौंसरच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या गाईला चुकवताना वहिनींची स्कूटी घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. त्या उठल्या, साडी झटकली, गाईच्या मालकाला चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी मात्र झापड येऊ लागली, बोलणं अडखळू लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तेव्हा आम्हाला समोर बसवून जे सांगितलं ते मी आजवर अनेकांना ऐकवलं आहे. मार क्षणाचा असतो, पुढचं काम शरीर करतं. मेंदूच्या स्वतःच्या रक्षक पेशी असतात, त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. इजा झाली की त्या जाग्या होतात, मेलेल्या पेशींचा कचरा साफ करतात आणि रासायनिक इशारे देऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही बोलावून घेतात. त्याशिवाय जखम भरत नाही. पण त्या गर्दीनं दाह होतो, सूज वाढते, आणि कवटी काही ताणली जात नाही; मग आतला धडधाकट भागही चेपला जातो. वहिनींची सूज औषधांनी उतरली. तरी काही जणांच्या मेंदूत या पेशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं शांत होत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सूज उतरल्यावरही मागे राहिलेला वहिनींचा थकवा, विसर आणि संताप यात या पेशींचा वाटा किती आणि तुटलेल्या मज्जातंतूंचा किती, हे कोणी मोजून देऊ शकत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. मी तरी विचारलंच, किती टक्के बऱ्या होतील? दवाखान्याच्या खाटेवरून वहिनी पुटपुटल्या, "डॉक्टरसाहेब, यायले काही तरी आकडा द्या, नाई तं यायले झोप नाई लागनार."

घरी आल्यावर हे सगळं त्यांनी आपल्या बगीच्याच्या भाषेत बसवून घेतलं. "चोर आला, राखनदारायनं पळवला. पन राखनदार घरी गेलेच नाई, भाऊजी. काठ्या घेऊन फिरून राहिले अन् घरच्याच मानसाले बडवून राहिले." एखाद्यावर भडकल्या की नंतर स्वतःच सांगत, राखणदार उठले होते. माफी मात्र मागत नसत.

गल्लीत बाधेची कुजबुज सुरू झाली. आमच्या काकूंनी त्यांना जामसांवलीला, बाधा उतरवणाऱ्या मारुतीच्या देवळात न्यायचं ठरवलं. वहिनींची मारुतीवर लहानपणापासून श्रद्धा होती, त्या लगेच तयार झाल्या. फक्त गाडीत बसण्याआधी एक वाक्य बोलल्या, "मी दर्शनाले येतो, इलाजाले नाई." दर्शन घेतलं, नारळ फोडला, परत आल्या आणि दुपारची गोळी वेळेवर घेतली.

खरा प्रश्न आला तो पल्लवीच्या, त्यांच्या मुलीच्या लग्नाचा. सौंसरचं स्थळ मीच सुचवलं होतं. भावाचं म्हणणं पडलं की पाहुणे येतील त्या दिवशी वहिनींना माहेरी पाठवू. गोंगाटात त्यांचा तोल जातो, पोरीचं नुकसान नको. त्याची काळजी खोटी नव्हती. वहिनींनी ऐकून घेतलं आणि त्या दिवशी बैठकीत मधोमध येऊन बसल्या. चौघं एकदम बोलू लागले तसे त्यांनी कानांवर हात ठेवले. मुलाच्या काकांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. वहिनींनीच तोंड उघडलं, "माह्या डोक्याले मार लागला होता. आत दाह आहे, भूत नाई. एकेकानं बोला, मी समद्यायले उत्तर देतो." मुलाच्या वडिलांनी चाचरत विचारलं, हे पुढं लेकराबाळांत उतरतं का?

"स्कूटीवरून पडनं रक्तात उतरते काय, बापा?"

पोहे संपले, पाहुणे गेले, निरोप आला नाही. नातेवाइकांनी सगळा दोष वहिनींच्या माथी मारला. पल्लवीनं मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, आईले लपवून भेटनारं घर मले नको."

पुढच्या वर्षी सावरगावचं स्थळ आलं. वहिनींनी पहिल्याच भेटीत सारं सांगून टाकलं आणि वर अट घातली, वरातीत बँड नको. मुलाकडच्यांनी ती मान्य केली. जाम नदीच्या पुलावरून वरात आली ती नुसत्या पायांच्या आणि घोडीच्या टापांच्या आवाजात... बघ्यांपैकी एकानं विचारलं, कोणी गेलं काय? व्याही म्हणाले, "आमच्या विहीणबाई बसून आहेत तिकडे. हळू बोला." वहिनी मांडवात पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसल्या. नंतर कित्येक दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून पडून होत्या, तेही सांगायला हवं. इतकं सोसायची गरज होती का, असं मी विचारलं. "सोसलं मी, तुमाले काहून दुखून राहिलं?" एवढंच उत्तर मिळालं.

त्यांच्या बैठकीत एकच पिवळा बल्ब आहे, मिणमिणता. पांढरा उजेड त्यांना टोचायचा, म्हणून ट्यूबलाइट कधीच काढून टाकली होती. तेरवीच्या आदल्या संध्याकाळी आमचा चुलतभाऊ नवी ट्यूब आणि शिडी घेऊन आला. लोक येतील, एकमेकांची तोंडं दिसायला हवीत, आणि आता त्रास कोणाला होणार आहे, असं त्याचं म्हणणं. माझा मोठा भाऊ उठला. त्यानं शिडी उचलली आणि अंगणात नेऊन भिंतीला टेकवली.

"बल्बच राहू दे," तो म्हणाला. "ज्याले दिसत नसन, त्यानं जवळ येऊन बसावं."