बाबा परबाचं गाऱ्हाणं

आमच्या गावात देव आहे की नाही ते मला माहीत नाही. असलाच तर त्याच्या कानठळ्या बाबा परबाने कधीच बसवल्या असणार. बाबा एस.टी.त कंडक्टर होता. मालवण स्टँडवर उभा राहून तो आमच्या बाजाराच्या गावाचं नाव "कट्टा, कट्टा" असं ओरडला की माणसं सोडाच, कुत्रीही वाट द्यायची. त्या आवाजामुळेच गावाचं गाऱ्हाणं वर्षानुवर्षं त्याच्याकडे होतं. देवापुढे नारळ ठेवून एकाने गावाच्या वतीने बोलायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, अशी आमची रीत. वाक्यात काय आहे ते कोणी ऐकत नाही. अर्ध्यांचं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे, उरलेल्यांचं प्रसादाकडे. तोंड आपलं व्हय म्हणत राहतं.

बाबाची बायको आनंदी पोटाच्या कॅन्सरने आजारी पडली. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, औषधं सुरू झाली, पण गावाचं तेवढ्याने भागेना. "हेच्यात कायतरी आसा," असं दाजी गावकराने जाहीर केलं. दाजी हा देवळातला मुख्य मानकरी. स्वतःला मूळव्याध झाली तेव्हा मात्र देवाला न विचारताच हा गृहस्थ डॉक्टरकडे पळाला होता.

मग कौल लावायचं ठरलं. देवाच्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि बघत बसायचं. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. पाणी सुकलं की कळी पडणारच, ती काही तिथे भाड्याने राहायला आलेली नसते. दाजीने प्रश्न सुचवला, घरच्या बाईच्या हातून देवाची काही चूक घडली काय? तो देवाला घातला बाबानेच, कारण गाऱ्हाणं त्याचं. कळी उजवी पडली. दाजीने मान अशी डोलवली की जणू रोगाचं निदान त्यानेच केलं.

त्या दिवसापासून आनंदी आपली चूक शोधायला लागली. ती साधी बाई होती, देवळातून आलेला शब्द तिला खोटा वाटणं शक्यच नव्हतं. पडल्या पडल्या ती मुलीला विचारायची, "गो संचिता, तुझ्या बाळंतपणाक सोयर फिटायच्या आदी मी तुळशीक पाणी घातलंय काय गो?" संचिता नाही म्हणायची. मग दुसऱ्या दिवशी वेगळंच काही. "नैवेद्याची खीर एकदा गोडी बघूक मी चाखलंय. ताच भोवला."

चमचाभर खिरीबद्दल पोटात गाठ. इतका खुनशी मास्तर मी कुठल्या शाळेतही पाहिला नाही. पण गावाला त्यात काही वावगं दिसलं नाही. बायका भेटायला यायच्या आणि आपल्या परीने चुका सुचवून जायच्या. बाबा पडवीत बसून सगळं ऐकायचा. मला त्या बायकांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

पावसाळा सरता सरता आनंदी गेली. शेवटी वेदनेने तिचं बोलणं तुटत होतं, तरी मध्येच काहीतरी आठवून हात जोडायची. मग गावातले शहाणे समाचाराला आले. एक म्हणाला, देव आपल्याच माणसाची परीक्षा घेतो. दुसरा म्हणाला, मागच्या जन्मीचं असेल. म्हणजे या जन्मात चूक सापडली नाही म्हणून आता मागचा जन्म उकरायचा. लाज ही चीज या लोकांनी देवळाबाहेर चपलांबरोबर काढून ठेवली असावी.

बाबाने देऊळ सोडलं. संध्याकाळी कट्ट्याला माझ्या दुकानात येऊन बसायचा. एकदा मी त्याला सरळ म्हटलं, "देव नाय, बाबा. विषय संपलो."

"नाय म्हटला तर माझो राग खंय ठेवू?" तो म्हणाला. "तो आसा, असाच धरून चललंय. माका तेका इचारूचा आसा."

"काय इचारतलंस?"

"आनंदीची चूक खंयची, ता."

त्या वर्षी जत्रेला दाजीच्या मुलाने मोबाईलवर बघून गाऱ्हाणं वाचलं. मधेच फोन वाजला, आणि लोकांनी रिंगटोनलाही व्हय म्हाराजा म्हटलं. पुढच्या वर्षी जत्रा जवळ आली तशी दाजी चार माणसं घेऊन बाबाच्या घरी गेला. म्हणाला, तुझ्या आवाजाशिवाय देवाला पोचत नाही. बाबा म्हणाला, "येतंय." हे कळल्यावर मला त्याची किळस आली. शेवटी हाही मानाच्या नारळाला भुलला, असं मी बायकोला बोललोही.

जत्रेच्या दिवशी देऊळ गच्च भरलं होतं. बाबा पुढे झाला, नारळ ठेवला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"तेंच्या पोराबाळांक सुखी ठेव म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनंदीन तुझी कसलीच चूक केल्यान नाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

त्याचा आवाज तसूभरही हलला नाही. मीच तेवढं चमकून वर बघितलं.

"कळो पडलो तो पाणी सुकला म्हणान पडलो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जेणी तिच्या माथ्यार चूक मारली, तो खोटारडो म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." यात दाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"ती तळमळा होती तेवा तू हयसर गप बसान बघी होतंस, नायतर तू हयसर नायच आसंस म्हाराजा."

"व्हय..." एवढंच काही जण म्हणाले. बाकीच्यांच्या डोक्यात आता कुठे प्रकाश पडला होता. बाबाने दाजीकडे बघितलंही नाही. नारळ तिथेच ठेवून तो गर्दीतून बाहेर पडला. मागे दाजी "बाटवल्यान, देऊळ बाटवल्यान" असं ओरडायला लागला.

मी धावत बाबाला गाठलं. मला उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, "बाबा, दाजीचा थोबाड बघूक व्हया होतंस तू. साऱ्या गावान आपल्या तोंडान कबूल केल्यान."

बाबा चालतच राहिला. चालता चालताच म्हणाला, "ता आनंदीच्या कानार पडाक व्हया होता."