ड्रायव्हरच्या डब्यातली रुई

माझ्या थोरल्या भावाचा उजवा कान माझ्यामुळे गेला. कुणी विचारलं तर तो सांगतो, जिनिंगमध्ये पट्टा तुटून लागला. वीस वर्षं जिनिंगमध्ये काढलेल्या माणसाचं हे बोलणं कुणालाही पटतं. खरं काय ते फक्त आमच्या घरात माहीत आहे, आणि घरात ते कुणी बोलत नाही, म्हणून मी इथं लिहून टाकतो.

घाटंजीत आमच्या घरामागे टिनाचं शेड आहे. पुण्याच्या कंपनीनं घरी बसवल्यावर मी तिथं सीएनसी मशीन बनवायला घेतलं, लाकडावर नक्षी कोरणारं. नोकरी गेली होती, पण आयटीआयचा फिटर असल्याचा तोरा गेला नव्हता. चौकोनी पाइपांची चौकट मी स्वतः वेल्ड केली. वेल्डिंग करताना प्रत्येक पाइप दादानं धरला. मोटरी आणि त्यांना वीज मोजून देणारे ड्रायव्हर पार्सलनं आले. ड्रायव्हर मी पंखा लावलेल्या पत्र्याच्या डब्यात बसवले. संगणक सांगतो इतकी पावलं चाल, ड्रायव्हर तेवढे विजेचे ठोके देतो आणि स्टेपर मोटर मोजून तेवढीच पावलं फिरते. एक पाऊल चुकलं की पुढची सगळी नक्षी सरकते.

शेड जिनिंगच्या भिंतीला लागून होतं. सीझनमध्ये हवेत कापसाची रुई तरंगायची. केसांत बसायची, वरणात पडायची, आम्ही बोटानं बाजूला काढून जेवायचो.

वस्तीतल्या विहाराच्या दारासाठी सागाच्या फळीवर धम्मचक्र कोरून द्यायचं मी कबूल केलं होतं, भीमजयंतीच्या आत. दादानं ते आख्ख्या वस्तीत सांगून टाकलं होतं. ‘माया भाऊ मशीन बनवून राह्यला,’ असं तो भेटेल त्याला सांगायचा. चक्राला चोवीस आरे. गोलात चूक लपत नाही. चोविसावा आरा झाल्यावर पहिल्यापर्यंतचं अंतर बाकीच्यांएवढंच उरलं तर मशीन खरं. माझ्या फळीवर कधी बोटभर जास्त उरायचं, कधी आरा आऱ्यावर चढायचा.

पहिली फळी मी कुऱ्हाडीनं फोडली. दुसरी भिंतीवर आपटली. तिसऱ्या वेळी संगणकाचा कीबोर्ड गुडघ्यावर मोडला आणि मशीनला अशी लाथ घातली की माझ्याच अंगठ्याचं नख निघालं. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी आधी लाइटीला शिव्या घातल्या. मग मोटरीच्या वायरी तपासल्या. दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि मोटरची दांडी हातानं फिरवायची. जड झाली तर ती जोडी बरोबर. जोड्या बरोबर होत्या. दांडीवरचे स्क्रू आवळले, तेही घट्ट होते. सकाळी मशीन शहाण्यासारखं चालायचं. दुपारी टिन तापलं की मोटर कण्हायची आणि मध्येच ढिली पडायची. मोटरला ताकद कमी पडते, असं मी ठरवलं आणि ड्रायव्हरवरच्या बारक्या बटणांनी करंट वाढवला. बिघाड वाढला. मी आणखी वाढवला.

त्या वर्षी गावात सगळ्यांचेच हात शिवशिवत होते. बोंडअळीनं कापूस खाल्ला होता आणि उरलेल्याला भाव नव्हता. भाव चढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस लोकांनी मार्चमध्ये एकदम आणला आणि जिनिंगच्या गेटावर रोज हाणामाऱ्या. एकदा ऑफिसच्या काचा फुटल्या, एकदा वजनकाट्यावरच्या माणसाला गाडीखाली घालून तुडवलं. दादा रोज चार वाजता पाळी संपवून त्या गर्दीतून वाट काढत यायचा, अंगभर रुई घेऊन. येऊन तो ड्रायव्हरच्या डब्यावर हात ठेवून पाहायचा.

‘डब्यात रुई जाते,’ तो म्हणाला होता. ‘पंख्यावर बसते. एखादी जाळी लाव ना.’

‘तू दिवसभर रुईत लोळतं, म्हणून तुले सगळीकडे रुईच दिसते. डब्याले हात लावू नको.’

‘नाही लावत बाप्पा.’ तो हसला आणि त्यानं खरंच पुन्हा हात लावला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा मी तेव्हा होतो.

चौथी आणि शेवटची फळी मी जयंतीच्या दोन दिवस आधी चढवली. सकाळपासून शेडमधून हललो नाही. मशीन मधूनमधून कण्हत होतं, पण आरे नेमके पडत होते. एकवीस झाले, बावीस झाले. तेवढ्यात दादा दारात आला. तो क्षणभर उभा राहिला, त्यानं नाक वर केलं, आणि एक शब्द न बोलता तो सरळ भिंतीकडे गेला आणि त्यानं मेन स्विच पाडला.

मशीन जागच्या जागी मेलं. वीज गेली की त्याला आपण कुठं होतो ते आठवत नाही. बावीस आरे मातीत गेले.

‘काय केलं बे?’ थोरल्या भावाला मी जन्मात पहिल्यांदा बे म्हटलं.

‘रुई जळून राह्य...’

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या हातात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी होती. पहिला फटका कानावर बसला. तो टेबलाच्या कडेवर पडला. दुसरा मी खांद्यावर मारला, आणि खोटं कशाला बोलू, दुसरा मारताना मला बरं वाटलं. मग लाथा. तो माझ्यापेक्षा ताकदवान. रोज कापसाच्या गाठी ढकलणारा माणूस. त्यानं हात उचलला नाही. एका हातानं कान दाबून धरला होता आणि दुसरा हात डब्याकडे करत होता. वहिनी धावत आली आणि तिनं पाण्याची बादली माझ्या डोक्यात घातली, तेव्हा मी थांबलो. ती त्याला ऑटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. त्याचा शर्ट गळ्यापासून छातीपर्यंत रक्तानं भिजला होता.

मी काय केलं? मी अंदाजानं मशीनचं कोरणारं टोक पुन्हा रेषेवर आणलं आणि स्विच चालू केला.

तेविसावा आरा अर्धा झाला असेल. डब्यातून फट् आवाज झाला आणि झाकणाच्या फटीतून जाळ निघाला. जाळ वायरीवरून फळीवर आला. मी ओलं पोतं टाकून, हात भाजून घेऊन तो विझवला. मग झाकण उघडलं. पंखा रुईनं घट्ट जाम होता, म्हणून ड्रायव्हर तापून मोटर ढिली पडत होती, आणि मी वाढवलेला करंट त्याला आणखी तापवत होता. ड्रायव्हर थंड ठेवणाऱ्या पत्र्यांवर बोटभर जाड थर, गादीसारखा, आणि तो आतपर्यंत काळा झालेला. एवढं पाच मिनिटांत जळत नाही. ते दादा यायच्या आधीपासून धुमसत होतं. मी दिवसभर तिथं बसून होतो, मला वास आला नव्हता.

जिनिंगमध्ये पहिला धडा हाच असतो, मला तो लहानपणापासून ऐकून पाठ होता. रुई जळाल्याचा वास आला की आधी स्विच पाडायचा, बोलायचं मागून. विचारत बसलं तर शेड जातं. दादानं तेवढंच केलं होतं.

दवाखान्यात गेलो तेव्हा त्याच्या डोक्याला पट्टी बांधली होती. कानाचा पडदा फाटला, डॉक्टर म्हणाले. त्यांना दादानं पट्ट्याचं सांगून झालं होतं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘डबा उघडला?’ त्यानं विचारलं.

‘उघडला.’

‘मंग?’

‘रुई होती.’

‘हं,’ तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले. मला माफी मागायची होती. त्या दिवशी मागितली नाही ती पुढेही कधी मागितली नाही.

जयंतीला दाराचं रंगानं काढलेल्या चक्रावरच भागलं. मी डब्याला मच्छरदाणीची जाळी लावली, नवा ड्रायव्हर घातला, करंट पहिल्याइतका खाली आणला. पुढच्या वर्षी चोवीस आरे नीट उतरले. ती फळी आज विहाराच्या दारावर आहे.

मशीन अजून चालतं. दादा स्विचजवळ स्टूल टाकून बसतो. मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून बोलतो, हे आता अंगवळणी पडलं आहे. फक्त रागावलो की विसरतो आणि उजवीकडून ओरडतो. तो वळत नाही, मशीनकडेच पाहत राहतो. मग मी फिरून त्याच्या डाव्या बाजूला जातो.