मोजून झालं का?

वरवंडला हायवेलगत माझ्या वडिलांचं, आप्पांचं, मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या आणि आप्पा त्यांत नवी तांब्याची तार भरायचे. वेढे मोजताना मधेच कुणी बोललं की आकडा चुकायचा, मग केलेलं सगळं उलगडा. म्हणून मान वर न करता ते डावा तळहात उभा धरायचे. तो हात दिसला की खुद्द सरपंचसुद्धा बाकड्यावर गप बसायचे. आई डबा ठेवून उभी राहायची.

मी पीएचडी करून क्वांटम कॉम्प्युटरच्या संशोधनासाठी जर्मनीला आले. पोस्टडॉक म्हणजे दोन वर्षांचं कंत्राट. ते संपलं की दुसरं शहर, दुसरं कंत्राट. माझं तिसरं चालू होतं. आप्पा रोज फोनवर विचारायचे, "पर्मनंट कवा व्हनार गं?" काय सांगणार, कपाळ? मला त्या प्रश्नाचा इतका वीट आला होता!

आमची चिप एका मोठ्या यंत्रात बर्फाहून कितीतरी थंड करावी लागते. त्याला आठवडा जातो. एकदा मी ठोकून दिलं, "आप्पा, मशीन गार होतंय. आठ दिवस फोन करू नका. नुसती रिंग वाजली तरी सगळं बिघडतं." धादांत खोटं. मला फक्त आठ दिवस तो प्रश्न नको होता.

"व्हय व्हय," ते म्हणाले. "कामात मोडता नगं. तुझं झालं की तूच कर."

चौथ्या दिवशी दुकानातच त्यांच्या छातीत कळ आली. दौंडच्या दवाखान्यात दोन दिवस ते शुद्धीवर होते. आईनं तीनदा फोन हातात घेतला आणि तीनही वेळा त्यांनी पडल्या पडल्या डावा तळहात उभा धरला. "तिचं मोजनं चाललंय. चुकंल तिचं." आयुष्यभर तो हात बघून थांबलेली बाई ती. थांबली.

त्या दोन दिवसांत मी काय करत होते, सांगू? कॅन्टीनमध्ये बसून मालिका बघत होते. फोन समोरच होता.

सहाव्या दिवशी चुलतभावाचा फोन आला. आप्पा गेले होते. रिंग चांगली खणखणीत वाजली आणि मशीनचं काहीसुद्धा बिघडलं नाही.

आता चौथं कंत्राट चालू आहे. यंत्र थंड व्हायला लागलं की त्याच्या पंपाच्या ठोक्यांत मला आप्पांचं मोजणं ऐकू येतं, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, आणि हातातलं काम टाकून मी मुकाट उभी राहते. मधेच हाक मारायची हिंमत होत नाही.

आईला मी सगळं खरं सांगितलं, रडून सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्यास्नी नगं कळू देऊ." गेलेल्या माणसाला! मी म्हटलं, आई, तू कधीही फोन कर गं, अगदी कधीही. "बरं," म्हणाली.

पण अजूनही आधी तिचा मेसेज येतो, "मोजून झालं का?" मी हो म्हटल्याशिवाय ती फोन करत नाही.